स्पीड टेस्ट झकास, पण स्टोअरवरचं डाउनलोड रखडतंय? पाणी कुठे मुरतंय ते असं शोधा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: ‘स्पीड टेस्ट केली तर शंभर दाखवतंय, मग हे एवढंसं अ‍ॅप उतरायला अर्धा तास का लागतो?’ घरात, नात्यात, ऑफिसात मिळून हे दुखणं मी इतक्या वेळा हाताळलंय की यंत्राला हात लावण्याआधी काय काय विचारायचं ते आता ठरून गेलंय. दरवेळी एकच गोष्ट दिसते. कारण शोधण्याआधीच लोक उपाय सुरू करतात. राउटर बदलतात, महागडा प्लॅन घेतात, फोन फॅक्टरी रीसेट करतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. पैसे जातात, फोटो जातात, डाउनलोड मात्र तसंच रांगत राहतं.

स्टोअरमधली फाइल तुमच्यापर्यंत पोचताना पाच टप्पे पार करते: स्टोअरचा सर्व्हर, तिथून तुमच्या इंटरनेट कंपनीपर्यंतचा रस्ता, कंपनीपासून घरापर्यंतची लाइन, घरातला राउटर आणि वाय-फाय, आणि शेवटी तुमच्या यंत्राचा प्रोसेसर आणि डिस्क. यातला सगळ्यात अरुंद टप्पा जेवढा वेग देईल तेवढाच तुम्हाला मिळणार. खालच्या सगळ्या तपासण्या तो अरुंद टप्पा ओळखण्यासाठी आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तेच डाउनलोड पुन्हा बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि वेग सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कळत नाही. महिन्याभराने दुखणं परत आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी लक्षणं नीट बघा

पाच मिनिटं नुसतं निरीक्षण करा आणि काय दिसतं ते कागदावर लिहा. निम्मं निदान इथेच होतं.

- बाकी सगळं भराभर उघडतं, व्हिडिओ अडखळत नाही, पण एकच स्टोअर संथ आहे. इथे घरातली लाइन बहुधा ठीक असते. संशय त्या स्टोअरच्या सेटिंगवर, त्याच्या सर्व्हरवर किंवा तिथपर्यंतच्या रस्त्यावर.
- ‘प्रलंबित’ किंवा ‘प्रतीक्षेत’ असं लिहून येतं आणि आकडा हलतच नाही. हा वेगाचा प्रश्न नाही, रांगेचा किंवा परवानगीचा आहे.
- वेग जोरात सुरू होतो, मग काही सेकंद शून्य, परत जोरात, परत शून्य. डिस्क किंवा प्रोसेसर दमतोय.
- दिवसा ठीक, रात्री जेवणानंतर संथ, मध्यरात्रीनंतर पुन्हा ठीक. गर्दी.
- वेग एका ठरावीक आकड्याला जाऊन चिकटतो, वर जातच नाही. कुठेतरी मर्यादा घातलेली आहे, किंवा केबल खराब आहे.
- एकाच खोलीत किंवा एकाच यंत्रावर त्रास होतो. वाय-फाय किंवा ते यंत्र.
- छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल सुरू होऊन गोठते. हे कमी वेळा दिसतं, पण दिसलं की शेवटच्या तपासण्यांकडे सरळ जा.
- ९९ टक्क्यांवर अडकतं. डाउनलोड संपलंय, आता इन्स्टॉल चाललंय.

खरंच संथ आहे का?

हा प्रश्न विचारला की समोरच्याला राग येतो, तरी विचारावाच लागतो. इंटरनेट कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते. बरीच स्टोअर तो मेगाबाइटमध्ये दाखवतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या लाइनवर जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट प्रतिसेकंद मिळतील, आणि वरखर्च वजा जाता ११ ते १२ मिळाले तर ती लाइन पुरेपूर चालते आहे. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या स्टोअरमध्ये हे एकक बदलायची सोय डाउनलोडच्या सेटिंगमध्येच आहे. ते एकदा बघून घ्या.

मग फाइलच्या आकाराचा हिशेब करा. ५० गिगाबाइटचा गेम १२.५ मेगाबाइटच्या वेगाने उतरायला ४,००० सेकंद, म्हणजे एक तास सात मिनिटं लागतात. लाइन ४० मेगाबिटची असेल तर पावणेतीन तास. सगळं सुरळीत असतानाच एवढा वेळ लागतो. सिनेमा किंवा मालिका उतरवताना दर्जा ‘सर्वोत्तम’ ठेवला असेल तर फाइल कित्येक पट मोठी होते. फोनच्या पडद्यावर बघायचं असेल तर दर्जा एक पायरी खाली आणा. वेळही वाचेल, जागाही.

स्पीड टेस्टचा आकडा इतका गोंडस का येतो, तेही समजून घ्या. टेस्टचा सर्व्हर तुमच्या सगळ्यात जवळचा निवडला जातो, कित्येकदा तो तुमच्या इंटरनेट कंपनीच्याच नेटवर्कमध्ये असतो. बऱ्याच टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, काही सेकंद चालतात आणि आलेला डेटा डिस्कवर लिहीत नाहीत. स्टोअरचं डाउनलोड लांबून येऊ शकतं, तासभर चालतं, आणि आलेला प्रत्येक तुकडा तपासून, उलगडून डिस्कवर लिहावा लागतो. म्हणजे टेस्ट पाचपैकी जेमतेम दोन टप्पे तपासते.

स्टोअरची स्वतःची सेटिंग

इथे पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात, आणि माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच संपल्या.

रांग बघा. प्ले स्टोअरमध्ये ‘डाउनलोड प्रलंबित’ दिसलं की बहुतेक वेळा मागे दहावीस अ‍ॅपचे अपडेट आपोआप सुरू झालेले असतात. एक ना धड भाराभर चिंध्या, असं होतं. सगळे थांबवा, जे आत्ता हवंय तेवढं एकच सुरू करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पसंतीत डाउनलोड फक्त वाय-फायवर ठेवलेलं असेल तर मोबाइल डेटावर ते थांबूनच राहील. आयफोनवर मोबाइल डेटाने २०० मेगाबाइटपेक्षा मोठं अ‍ॅप घेताना आधी विचारण्याची सोय आहे. तो प्रश्न पडद्यावर येऊन गेला आणि लक्षात आला नाही, असंही होतं. ‘लो डेटा मोड’, ‘डेटा सेव्हर’, ‘बॅटरी सेव्हर’ हे तिन्ही बंद करून बघा. ते पार्श्वभूमीत चालणारी कामं मुद्दाम रोखतात.

कॉम्प्युटरवर स्टीम असेल तर डाउनलोडच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा: वेगाची मर्यादा घातली आहे का, आणि डाउनलोडचा प्रदेश कोणता निवडला आहे. कुणीतरी कधीतरी घातलेली मर्यादा वर्षभर विसरलेली सापडते. प्रदेश बदलून शेजारचा दुसरा निवडला की वेग एकदम वाढतो, असंही पुष्कळदा पाहिलंय, कारण जवळचा सर्व्हर गर्दीत असतो. गेम चालू असताना स्टीम मूळ सेटिंगनुसार डाउनलोड थांबवतं, हेही लक्षात ठेवा. विंडोजमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाचं पान अपडेटच्या प्रगत पर्यायांमध्ये आहे. तिथली टक्केवारीची मर्यादा विंडोज अपडेटबरोबर मायक्रोसॉफ्ट स्टोअरलाही लागू होते. शिवाय तुमचं वाय-फाय ‘मीटर्ड’, म्हणजे मोजूनमापून वापरायचं, म्हणून नोंदलेलं असेल तर विंडोज स्वतःहून हात आखडता घेतं.

गेमिंग कन्सोलवर एक वेगळी खोड आहे. गेम पूर्ण बंद न करता नुसता बाजूला ठेवला तर कन्सोल नेटवर्कचा बराचसा वाटा त्या गेमसाठी राखून ठेवतं. एक्सबॉक्सवर हे फार स्पष्ट दिसतं. मेन्यूमध्ये जाऊन गेम खरोखर ‘क्विट’ करा आणि आकडा बघत राहा, काही सेकंदांत फरक पडतो.

त्यानंतर स्टोअरचं स्थितीदर्शक पान उघडून बघा. मोठा गेम किंवा फोनची नवी प्रणाली बाहेर पडते त्या दिवशी जगभरातून एकाच सर्व्हरगटावर झुंबड उडते. कधी कंपनी स्वतःहूनही वेग कमी करते. मार्च २०२० मध्ये घरोघरी इंटरनेटवर ताण आला तेव्हा सोनीने युरोपात प्लेस्टेशनची डाउनलोड संथ करण्याचा निर्णय जाहीर केला होता. अशा दिवशी तुमच्या घरात काहीही बदलण्यात अर्थ नाही, रात्री लावून झोपा.

कॅशे, म्हणजे स्टोअरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल, साफ करायचं ते यानंतर. प्ले स्टोअरचं कॅशे साफ केल्याने अ‍ॅप जात नाहीत. मायक्रोसॉफ्ट स्टोअरसाठी ‘डब्ल्यूएसरीसेट’ ही छोटी आज्ञा आहे, शोधपट्टीत इंग्रजीत लिहिली की चालते. स्टीमचं डाउनलोड कॅशे साफ केलं तर पुन्हा लॉग-इन करावं लागतं, म्हणून पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचा फोन हाताशी ठेवा. एक विनंती: अर्ध्यावर आलेला गेम अनइन्स्टॉल करून नव्याने सुरू करू नका. आलेले वीस-तीस गिगाबाइट वाया जातात आणि दोष तिथेच राहतो.

हॉटस्पॉटची परीक्षा

मला एकच चाचणी करायची मुभा दिली तर मी ही करीन. तेच यंत्र, तेच स्टोअर, तीच फाइल, फक्त इंटरनेट फोनच्या हॉटस्पॉटवरून. दोन मिनिटं पुरतात. मोठी फाइल पूर्ण उतरवू नका, मोबाइलचा डेटा संपेल.

हॉटस्पॉटवर वेग चांगला आला तर यंत्र आणि स्टोअर दोन्ही सुटले. दोष घरातल्या राउटरमध्ये, लाइनमध्ये किंवा तुमच्या इंटरनेट कंपनीपासून स्टोअरपर्यंतच्या रस्त्यात आहे. हॉटस्पॉटवरही तसाच रखडला, आणि त्याच वेळी स्पीड टेस्ट चांगली आली, तर घरच्या वाय-फायला दोष देणं थांबवा. यंत्र किंवा स्टोअर. मग तेच स्टोअर दुसऱ्या यंत्रावर उघडून बघितलं की दोघांपैकी कोण तेही कळतं. एवढ्या साध्या चाचणीने पाच टप्प्यांतले दोन-तीन एका फटक्यात बाजूला होतात, म्हणून राउटर विकत घेण्याआधी ती झालीच पाहिजे.

पार्श्वभूमीत काय चाललंय

व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. व्हीपीएन तुमचा सगळा डेटा आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेतं. तो सर्व्हर दुसऱ्या खंडात असेल तर स्टोअर तुम्हाला त्या खंडातलंच ग्राहक समजतं आणि तिथल्याच सर्व्हरवरून फाइल पाठवतं. लांबचा पल्ला म्हणजे प्रत्येक तुकड्याची पोच उशिरा, आणि पोच उशिरा म्हणजे पुढचा तुकडा उशिरा.

या पोचेमुळेच एक असा दोष होतो की त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. तो म्हणजे अपलोड. मावशीच्या घरी रोज संध्याकाळी सगळ्यांचं डाउनलोड बसायचं. राउटर दोनदा बदलून झाला होता. मी गेलो तेव्हा पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, लावून बसलो. एरवी १५ मिलीसेकंदांत येणारं उत्तर ६०० च्या पुढे जात होतं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बघितलं तर डाउनलोड जवळजवळ रिकामं आणि अपलोड काठोकाठ भरलेलं. मावसभावाने नवा फोन घेतला होता, आणि तो घरी येऊन वाय-फायला जोडला गेला की वर्षानुवर्षांचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागायचे. डाउनलोड होताना तुमचं यंत्र सतत ‘मिळालं, पुढचं पाठवा’ अशी पोच परत धाडत असतं. अपलोडची वाट तुंबली की ती पोच रांगेत अडकते, आणि डाउनलोडची वाट मोकळी असूनही समोरचा थांबून राहतो. फोटोंचा बॅकअप रात्री दोनला लावला, त्या दिवसापासून तक्रार नाही. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ची, म्हणजे कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवायची, सोय असेल तर अपलोडला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या थोडी खाली मर्यादा घाला, हाच परिणाम मिळतो.

अँटिव्हायरस येणारी प्रत्येक फाइल तपासतं. हजारो छोट्या फाइल असलेल्या गेममध्ये त्याचा भार जाणवतो. तो पूर्ण बंद करून ठेवू नका. फक्त स्टोअरच्या डाउनलोड फोल्डरला तपासणीतून सूट देऊन बघा, आणि फरक पडला नाही तर सूट काढून टाका.

जागा आणि डिस्क

फोनमध्ये दोन गिगाबाइट जागा उरलेली असताना दीड गिगाबाइटचं अ‍ॅप उतरेलच असं नाही, कारण बांधलेली फाइल आणि उलगडलेली फाइल दोन्हींना काही काळ एकत्र जागा लागते. साधारण दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असू द्या. जवळजवळ भरलेली एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) लिहायला संथ होते. शिवाय बऱ्याच स्वस्त एसएसडींमध्ये सुरुवातीचे काही गिगाबाइट वेगवान कप्प्यात लिहिले जातात. तो भरला की वेग कोसळतो, आणि ‘सुरुवातीला जोरात, मग शून्य’ हे लक्षण दिसतं.

कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजर उघडा आणि डाउनलोड चालू असताना तीन आकडे शेजारी शेजारी बघा: प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क. डिस्क १०० टक्क्यांना टेकलेली आणि नेटवर्क झोपलेलं दिसलं तर प्रश्न इंटरनेटचा नाहीच. स्टीम फाइल दाबलेल्या रूपात पाठवतं आणि तुमच्या यंत्रावर उलगडतं, त्यामुळे जुना प्रोसेसर हाही अडथळा ठरतो. गेमच्या अपडेटमध्ये हे फार होतं. अपडेट दोनच गिगाबाइटचा असतो, पण त्यासाठी डिस्कवरची तीस-चाळीस गिगाबाइटची एकच मोठी फाइल वाचून नव्याने लिहावी लागते. फिरत्या हार्ड डिस्कवर त्याला तास लागला तर आश्चर्य नको. अँड्रॉइडवर ‘इन्स्टॉल होत आहे’ या पाटीखाली फोन अ‍ॅप तपासत आणि स्वतःच्या प्रोसेसरसाठी तयार करत असतो. तेव्हा वाय-फाय बंद-चालू करून काही होत नाही.

राउटर, वाय-फाय आणि केबल

राउटर एकदा बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा. त्याच्या स्मरणात साचलेल्या जुन्या जोडण्या पुसल्या जातात. मात्र रोज हे करावं लागत असेल तर राउटर तापतोय किंवा म्हातारा झालाय, किंवा लाइन अधूनमधून तुटतेय.

वाय-फाय आहे की बाकी काही, हे ठरवायला राउटरच्या शेजारी दोन मीटरवर जाऊन तेच डाउनलोड बघा. तिथे ठीक असेल तर भिंती आणि अंतर. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं, पण त्यावर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात बोलतात. मोठ्या डाउनलोडसाठी ५ गिगाहर्ट्झ वापरा. ते भिंतीपलीकडे लवकर मरतं, म्हणून त्याच खोलीत बसा. वाय-फाय रिपीटर लावला असेल आणि तो एकाच रेडिओवर घेतो-देतो असेल, तर वेग साधारण निम्मा होणारच. तो रिपीटरचा दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे.

केबलची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण वाय-फायपेक्षा केबल नेहमीच चांगली असं समजून कुणी तिच्याकडे बघतच नाही. भाच्याच्या कॉम्प्युटरवर ३०० मेगाबिटची लाइन होती, वाय-फायवर फोनला अडीचशे मिळत होते, आणि केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर गेम ११ मेगाबाइटच्या थोडं वर जाऊन थांबत होता. कधी ११.२, कधी ११.५, बारा कधीच नाही. हा आकडा बघितला की मी आधी खाली वाकून केबल बघतो. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. एखादी जोडी तुटली की दोन्ही टोकांची यंत्रं आपसात मुकाट्याने १०० वर तडजोड करतात आणि कुठेही चूक दाखवत नाहीत. कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या माहितीत लिंकचा वेग स्पष्ट ‘१००/१००’ लिहिला होता. केबल टेबलाच्या पायाखाली दाबली गेली होती, वरचं आवरण चपटं झालं होतं आणि एका टोकाच्या प्लगची खुंटी मोडली होती. दुसरी केबल लावली, लिंक १००० झाली आणि तोच गेम ३५ मेगाबाइटने उतरायला लागला. नवी केबल घेताना ‘कॅट ५ई’ किंवा त्यावरची घ्या. राउटरचं पोर्टच १०० चं आहे का, तेही खाली छापलेलं वाचा.

डीएनएस आणि रस्ता

आता थोडं खोलात जायचंय. इथे काय बदलताय ते आधी लिहून ठेवा.

मोठी स्टोअर एकाच जागेवरून फाइल पाठवत नाहीत. त्यांच्या प्रती जगभर ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, आणि तुम्हाला कोणता सर्व्हर द्यायचा ते बऱ्याचदा डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या, उत्तरावरून ठरतं. तुम्ही कुठल्या डीएनएसकडून विचारता, त्यावरून तुम्ही कुठे आहात याचा अंदाज बांधला जातो. गुगलचं ८.८.८.८ तुमच्या इंटरनेटवरच्या (आयपी) पत्त्याचा काही भाग पुढे कळवू शकतं. क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ गोपनीयतेसाठी तो कळवत नाही. दोन्ही चांगल्या सेवा आहेत, पण एखाद्या स्टोअरसाठी त्यातून लांबचा सर्व्हर वाट्याला येऊ शकतो. आणि बहुतेक लोकांनी ‘इंटरनेट फास्ट करा’ असा सल्ला वाचून कधीतरी डीएनएस बदललेलं असतं. ते ‘आपोआप’वर, म्हणजे इंटरनेट कंपनीच्याच डीएनएसवर परत आणा, यंत्र रीस्टार्ट करा आणि तेच डाउनलोड बघा. आधीच कंपनीचं असेल तर उलट प्रयोग करा. फरक नाही पडला तर होतं तसं ठेवा.

लांबचा सर्व्हर किती नडतो त्याचा हिशेब असा. समजा पोच येईपर्यंत पाठवणारा एका वेळी फक्त ६५,५३५ बाइट पाठवू शकतो आणि जाऊन-येऊन २०० मिलीसेकंद लागतात. मग वेग सेकंदाला जेमतेम ३२० किलोबाइट, लाइन कितीही रुंद असो. ही मर्यादा वाढवायची युक्ती १९९२ मध्येच इंटरनेटच्या मानकात आली, आणि विंडोज व्हिस्टापासून पुढे विंडोज ती स्वतःहून जुळवून घेतं. पण ‘स्पीड बूस्टर’ म्हणून मिळणारी काही सॉफ्टवेअर आणि जुने सल्ले हीच आपोआप जुळणी बंद करतात. असं काही टाकलं असेल तर काढा आणि सेटिंग मूळपदावर आणा.

मोठी फाइल सुरू होऊन गोठते, या लक्षणासाठी राउटरमधला ‘एमटीयू’ आकडा, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, बघा. साधी पाकिटं १५०० बाइटची असतात. काही लाइनवर लॉग-इनसाठी वापरली जाणारी पद्धत, पीपीपीओई, त्यातले ८ बाइट घेते, म्हणून तिथे १४९२ लागतं. आकडा चुकीचा असेल आणि वाटेत कुणी ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोपच अडवत असेल, तर छोटी पानं जातात आणि मोठी पाकिटं वाटेत हरवतात. तसंच आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, अर्धवट चालत असेल तर काही स्टोअर सुरुवातीलाच अडखळतात. ते तात्पुरतं बंद करून बघा. फरक पडला तर इंटरनेट कंपनीला सांगा आणि ते दुरुस्त झालं की पुन्हा चालू करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. घरात करण्यासारखं काही नाही. फायबरची पातळ तार वाकवू नका, तिचं टोक काढून पुसू नका आणि त्यात डोकावू तर अजिबात नका. आतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. राउटरच्या पानावर मिळणारी प्रकाशाची पातळी दिसत असेल तर तो आकडा टिपून ठेवा. घरगुती जीपॉन लाइनच्या (एका फायबरमधून अनेक घरांना वाटलेल्या) सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी-प्लस वर्गात उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आत तो असायला हवा, आणि उणे २७ च्या जवळ असेल तर तंत्रज्ञाला आवर्जून दाखवा.

भिंतीतली केबल, इमारतीतल्या पेट्या, छतावरची लाइन यांना हात लावू नका. राउटरचा अडॅप्टर जळकट वास देत असेल तर प्लग काढा, उघडून बघू नका. डिस्क टिकटिक आवाज करत असेल किंवा फाइल खराब होत असतील तर डाउनलोड ताबडतोब थांबवा, आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे घ्या आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे न्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर यातलं काहीच बदलू नका. तिथे मर्यादा मुद्दाम घातलेली असते, त्यांच्या आयटी विभागाला सांगा.

इंटरनेट कंपनीला फोन करायचा तो केबलने जोडून तपासल्यावरच, नाहीतर पहिलं उत्तर ‘वाय-फायचा प्रश्न आहे’ असंच येतं. तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री एकाच वेळेला त्याच स्टोअरवरचा वेग आणि स्पीड टेस्टचा आकडा शेजारी शेजारी लिहा. योजनेतला डेटा संपून वेग कमी केलेला नाही ना, हेही आधी बघा. मग ‘नेट स्लो आहे’ असं न म्हणता नेमकं सांगा: केबलवर, रात्री दहाला, स्पीड टेस्ट ९५, या स्टोअरवर ६, हॉटस्पॉटवर त्याच स्टोअरवर ४०. असे आकडे दिले की पहिल्या पायरीवरचा माणूसही तक्रार नेटवर्कच्या लोकांकडे पुढे पाठवतो. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

आणि दुरुस्त झाल्यावर, ज्या बदलाने गुण आला तो सोडून वाटेत जे जे बदललं ते कागदावर बघून मूळ जागी ठेवा: अँटिव्हायरसची सूट, बंद केलेलं आयपीव्ही६, बदललेला प्रदेश, थांबवलेले आपोआप अपडेट. मग आठवडाभर रोज त्याच वेळेला एकदा वेग बघा.